दुखणं ज्याचं, तोंड त्याचं

सर्जा,

तुझा पाय शेवटपर्यंत गरम होता. हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. त्या दुपारी आम्हाला आयसीयूत बोलावलं तेव्हा तुझं तोंड सुजलं होतं, हात गार पडले होते, पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो उजवा पाय गरम होता. पांघरूण सरकवून मी हात लावून पाहिलं. सिस्टर म्हणाली, "काका, आता कशाला बघताय?" मी पांघरूण परत सारखं केलं. नऊ दिवस सर्जन सकाळी आले की पहिल्यांदा पायालाच हात लावायचे, ते बघून बघून मलाही सवय लागली होती.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. पंचगंगेवर रक्षाविसर्जन झालं. तालमीसमोर तुझा फोटो लागला, पण तो मिशी काळी असतानाचा. सगळे म्हणाले, खाली चार ओळी बसाप्पानं लिहाव्यात. मेडिकलच्या दुकानदाराला डॉक्टरचं अक्षर लागतं म्हणजे त्याला सगळंच लिहिता येतं, असा पेठेतल्या लोकांचा समज आहे. मी लिहायला बसलो. 'आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा भक्कम बचावपटू. उद्यमनगरातला निष्णात लेथ कारागीर. दिलदार मित्र.' तीन ओळी झाल्या आणि वाटलं, हा कुणी दुसराच माणूस आहे. चौथी ओळ काही होईना. त्यांना तेवढ्याच दिल्या. राहिलेलं आता तुला लिहितोय.

मला रडू आलेलं नाही. तुझ्यापासून काय लपवायचं! स्मशानात तुझी लेक अश्विनी माझ्या गळ्यात पडून "काका, काका" करत होती आणि मी तिच्या खांद्यावरून भिंतीवरची गोवऱ्यांची पाटी वाचत होतो. 'शेणी आत मिळतील.' चारपाच वेळा वाचली. दाढेला भूल दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो ना, तसं चाललंय. जेवतो, झोप लागते, तिसऱ्या दिवशी दुकानही उघडलं. गिऱ्हाईक गोळीचं नाव घेतं आणि हात बरोबर त्या खणात जातो. फक्त एका खणाकडे हात जात नाही. कुणी ती गोळी मागितली तर मी संपली म्हणून सांगतो.

तुझं दुखणं मी सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि सगळ्यांच्या आधी चुकीचं ओळखलं. दोन वर्षं झाली असतील. संध्याकाळी कामावरून सुटून तू दुकानात यायचास आणि आपण चालत तालमीत जायचो. दोनशे पावलांची वाट. त्या वाटेवर तू थांबायला लागलास. थांबायचास आणि वाढदिवसाचे फलक वाचायचास. ज्या माणसानं शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नाही, तो 'आमचे मार्गदर्शक, युवकांचे प्रेरणास्थान' असलं सगळं खालच्या शुभेच्छुकांच्या नावांसकट मन लावून वाचतोय! मी म्हटलं, "सर्जा, इलेक्शनला उभारणार हायस काय?" चौथ्या फलकापाशी तू खरं सांगितलंस. "पोटरी धरतीया लेका. जरा उभारलं की सुटती, चाललं की परत धरती."

हे वाक्य तू एखाद्या शिकाऊ डॉक्टरला सांगितलं असतंस तरी त्यानं पायाची नाडी चाचपली असती. मी औषधाची पदविका घेतलेला माणूस. मी म्हणालो, "कमरंत नस दबली असंल. चाळीस वर्षं लेथम्होरं उभारल्यावर दुसरं काय हुणार?" आणि आत जाऊन गोळी आणून दिली.

त्या गोळीला तू शेंगदाणा म्हणायला लागलास. "बस्या, शेंगदाणा दे." सकाळी कामावर जाताना एक, संध्याकाळी एक. पुढं पुढं तू मागायचासही नाहीस, काउंटरवर नुसता तळहात ठेवायचास, बोलणं मात्र भलतंच चाललेलं असायचं. कुणाचा पोरगा कुठल्या संघात गेला, कुणी कुणाला पास दिला नाही. गोळी तोंडात टाकून माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायचास आणि जायचास. तुझ्या बीपीच्या डॉक्टरांनी मला एकदा फोन करून बजावलं होतं, सर्जेरावांना पेनकिलर देऊ नका, शुगर आहे, बीपी आहे, किडनीला परवडणार नाही. मी हो म्हणालो. आठ दिवस दिली नाही. नवव्या दिवशी तू दुकानाच्या पायरीवर बसलास आणि पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतलास. दुसऱ्या कुणाची वस्तू उचलून ठेवावी तसा. मग मी दिली. वहिनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरात ती तुझ्या हातावर बीपीची गोळी ठेवून गिळेपर्यंत समोर उभी राहायची. दुसऱ्या गोळ्या तू माझ्या दारात खाऊन जात होतास.

मी का देत होतो, ते आता विचारायला तू नाहीस आणि मला धड सांगता येत नाही. तुझं दुखणं बघवत नव्हतं, हे खरं आहे. तुला नाही म्हणायची मला सवय नव्हती, हे त्याहून खरं आहे.

तुला आठवत असेल, नियम कुणाचा होता. आबा कोच होते तेव्हाचा. पोराला लागलंय असं दिसलं की आबा बाहेर बसवायचे, म्हणून सगळे लपवायचे. आणि दुसऱ्यानं जाऊन सांगितलं की त्या सांगणाऱ्याला पुढचे सहा महिने कुणी पास देत नसे. दुखणं ज्याचं, तोंड त्याचं. ह्या एका वाक्यावर आपण दहा वर्षं खेळलो. फुटक्या नडग्या, उखडलेली नखं, एकदा तर तुझी बरगडी. मला माहीत होतं आणि मी आबांच्या समोर उभा राहून म्हणालो होतो, "फिट हाय की त्यो."

फायनलला ते उलटं झालं. सेमीफायनलमध्ये माझं बोट मोडलं होतं. ते फक्त तुला माहीत होतं, कारण पट्टी तूच बांधलीस. गोलकीपरचं बोट! दुसऱ्या दिवशी ऐंशीव्या मिनिटाला एक साधा, हळू, सरपटत आलेला चेंडू माझ्या हातातून सुटला आणि आपण एक गोलनं हरलो. स्टेडियमवरनं पेठेपर्यंत आपल्याला लोकांनी काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर पस्तीस वर्षं आपण एकच भांडण भांडलो. मी म्हणायचो, "तू आबास्नी सांगायला पायजे हुतंस." तू म्हणायचास, "सांगितलं असतं तर जन्मात बोलला असतास काय माझ्यासंगं?" मी म्हणायचो, "नसतो बोललो. पण कप आला असता." इथं तू हात झटकायचास. "कप काय चाटायचाय?" मग चहा यायचा. हे भांडण कुणीच जिंकलं नाही आणि जिंकायचंही नव्हतं. आपलं ते चहाबरोबरचं खाणं होतं.

उन्हाळ्यात तुझा अंगठा काळा पडला. तेव्हा कुठं खरा डॉक्टर गाठला. रक्तवाहिन्यांचे सर्जन, तरुण पोरगा, आवाज मऊ. त्यानं तुझ्या पायाला हात लावला आणि त्याचा चेहराच बदलला. मांडीच्या खाली रक्तच जात नव्हतं. तंबाखू, शुगर, वय. शिरेत डायचं औषध सोडून सीटी स्कॅन, मग पायाचा बायपास, नाहीतर पाय जाईल. मग तो एकेक विचारायला लागला. तू, वहिनी आणि मी, तिघं त्याच्यासमोर बसलो होतो.

"पेनकिलर घेता का? रोज, किंवा अधूनमधून?"

"न्हाय ओ."

"नक्की? किडनीचा रिपोर्ट थोडा वर आहे, म्हणून विचारतोय."

"कदीमदी डोकं दुखलं तर. न्हायतर न्हाय."

वहिनी म्हणाली, "ह्येंचं काय सांगू सायेब. बीपीची गोळी बी म्या हातावर ठिवल्याबिगर घेत न्हाईत."

आणि तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी मैदानावर शंभर वेळा बघितली होती. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हृदयाकडे बघत बसलो.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर्जा, सांगायला पायजे हुतं."

"सांगितलं की पंधरा दिवस थांबीवत्यात. आज अंगठा काळा हाय, पंधरा दिसांनी गुडघा काळा. पाय कापल्याला डिफेन्सवाला कुठं बघितलायस काय तू?"

"मग मी सांगतो."

"दुखणं कुणाचं?"

साठी उलटलेली दोन माणसं, एक नातवंडांचा आजोबा, एक टक्कल पडलेला, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभी राहून पोरवयातला नियम पाळत होती. आता लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, उलट तुझ्या भरवशाचा राहिलो म्हणून बरं वाटलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. सीटी स्कॅनच्या दिवशी वहिनी कागद करायला गेली आणि आपण दोघं बाकावर बसलो होतो. आत पाय सरळ ठेवून, न हलता पडायचं होतं. तुला तर पाय खाली लोंबता ठेवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. घाम आला होता तुला. तू नुसता तळहात पुढं केलास. समोरच्या भिंतीकडे बघत. माझ्या सदऱ्याच्या खिशात शेंगदाण्यांची, त्या गोळ्यांची पट्टी होती. मी दोन काढून दिल्या. मॅचच्या आधी द्यायचो तशा. तू आत गेलास, सरळ पडलास, हललाही नाहीस. बाहेर येऊन म्हणालास, "एकदम फर्स्ट क्लास फोटो आलाय म्हणं."

ऑपरेशन पाच तास चाललं. मधे एकदा तुझं बीपी बरंच खाली गेलं होतं, ते नंतर कळलं. सर्जन बाहेर आले ते हसतच. "पाय गरम आहे," म्हणाले. वहिनीनं जोतिबाला नारळ बोलला होता, तिनं तिथंच डोंगराच्या दिशेला हात जोडले. मी तालमीत फोन लावला आणि तिकडे पोरांनी केलेला गलका इतका मोठा होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. संध्याकाळी तू शुद्धीवर होतास. मला म्हणालास, "बसाप्पा, बरा झालो की तुला पांढरा रस्सा पाजतो. दूधच असतंय की त्ये." आमच्या लिंगायताच्या घरात कांदा-लसणाच्याही पुढं कधी कुणी गेलं नाही, हे तुला पोरवयापासून माहीत होतं आणि पोरवयापासून तू पाजतो म्हणत होतास.

तो दिवस चांगला होता. मला तो वेगळा काढून ठेवता आला असता तर ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पलंगाखालची पिशवी उचलून बघायला लागली. मग डॉक्टर येऊन बघायला लागले. मग आम्ही सगळेच ती पिशवी बघायला लागलो. पाय गुलाबी, नाडी लागतेय, टाके कोरडे, आणि पिशवीत काही नाही. तुझ्या शरीरानं लघवी करायचं बंद केलं होतं. सगळ्या पेठेचा फोन एकच विचारायचा. "झाली काय?" मी पूर्वी स्टेडियमवरनं स्कोअर सांगायचो तसा आकडा सांगायचो. सकाळपासनं ऐंशी. आता शंभर. आज चाळीसच. ज्या माणसांनी जन्मात हा शब्द चारचौघांत उच्चारला नसेल ती माणसं तालमीच्या कट्ट्यावर बसून तुझ्या लघवीची चर्चा करत होती. तू बरा असतास तर पोट धरून हसला असतास.

किडनीच्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या बाई, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वहिनीसमोर मला विचारलं, "तुम्ही मेडिकलवाले ना? हे कुठली गोळी घेत होते का?" वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही." हे तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी तुझं डायलिसिस सुरू केलं. मानेत नळी घालून तुझं रक्त बाहेर जाताना मी काचेतून बघितलं, आणि तिथनं सरळ चालत त्या बाईंच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. किती, कधीपासून, बाकावरच्या दोनसुद्धा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर गोळी बंद करून आम्ही चार-सहा दिवस थांबलो असतो. सलाईन देऊन किडनी जरा सावरली असती. पायाला तेवढा वेळ होता का, ते सर्जन सांगतील. सीटीच्या डायचा ताण आहे, शुगर आहे, ऑपरेशनमध्ये बीपी पडलं, तेही आहे. एकाच गोष्टीनं झालं असं मी लिहून देऊ शकत नाही."

"पण गोळीनं भर घातली?"

"हो. भर घातली."

मग त्यांनी ते तुझ्या कागदावर लिहिलं आणि मला जायला सांगितलं. सर्जा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नियम मोडला, आणि तोही मॅच संपत आल्यावर.

सहाव्या दिवशी तुला जरा हुशारी आली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला जवळ बोलावलंस, मास्क बाजूला केलास. मला वाटलं अश्विनीचं काही सांगशील, वहिनीचं सांगशील. तू विचारलंस, "सांगितलं न्हाईस न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाय."

"बरं केलंस," म्हणालास आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तुझं माझं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं, श्वासाची नळी घातली, आणि दोन दिवसांनी दुपारी तू गेलास. म्हणजे मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं आहे. हे तुला आज कळतंय. तुला राग येत असेल तर येऊ दे. मला तुझा राग चालेल, तू 'बरं केलंस' म्हणालास ते चालत नाही.

तुझे उपकार मोजायला बसलो नाही मी, पण एक मात्र डोळ्यासमोरून हलत नाही. कोरोनाच्या दिवसांत माझ्या दुकानापुढं रांग लागायची आणि लोक एकमेकांच्या अंगावर यायचे. मला आत घाम फुटायचा. तू एक दिवस पंचाची शिट्टी गळ्यात अडकवून आलास, चुन्यानं रस्त्यावर गोल आखलेस आणि रोज चार तास उन्हात उभा राहून शिट्ट्या मारल्यास. कुणी पुढं सरकलं की फाउल. म्हातारी माणसं हसायची, पण ऐकायची. तीन महिने. मी घरी बस म्हणालो तर म्हणालास, "गोल उघडा टाकून डिफेन्स घरला जातोय व्हय?" याच पायावर उभा होतास.

तुझ्यामागं इकडं काय चाललं होतं ते सांगतो. पेठेत एकच बोलणं, डॉक्टरनं मारला. पाय बरा करायला गेलेला माणूस किडनीनं कसा मरतोय? तालमीतल्या पोरांनी दवाखान्यावर जायचं ठरवलं. अश्विनी तक्रारीचा अर्ज लिहीत होती, मलाच म्हणाली, "काका, औषधांची नावं तुम्ही बरोबर घाला." वहिनी दिवसभर भिंतीला टेकून बसलेली, जो येईल त्याच्यासमोर त्या तरुण पोराला तळतळाट देत होती. "त्याचं वाटुळं हुईल. त्याच्या घरात बी असंच हुईल." आणि मी त्याच घरात, त्याच सतरंजीवर बसून मान हलवत होतो. त्या पोरानं विचारलं होतं, सर्जा. एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. नक्की? असं विचारलं होतं.

म्हणून आज सकाळी तुझ्या घरी गेलो. अश्विनी आणि वहिनी दोघीच होत्या. अर्जाचा कागद मांडीवर घेऊन मी सांगायला सुरुवात केली आणि पायरीपासून बाकापर्यंत सगळं सांगून टाकलं. आवाज अगदी साधा निघाला. गिऱ्हाइकाला डोस समजावून सांगावा तसा. अश्विनी मधेच उठली आणि आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

वहिनी म्हणाली, "म्या म्होरं बसलेली हुते. 'घेत न्हाईत' म्हणून म्याच बोलले. तवा तुमी बी हुतासा थितं."

"व्हय."

"मला खोटं पाडायचं हुतं की भावजी. चारचौघांत पाडायचं हुतं. मी काय मेले असते?"

मी म्हटलं, "वहिनी, दुकान बंद करतो आता. मला त्ये आता न्हाई जमायचं. गडहिंग्लजला भावाकडं जातो."

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. डोळे कोरडे होते तिचेही.

"अकरा दीस त्या डाक्टरला शिव्या घालून जगले मी. तेवढाच आधार हुता. त्यो बी काढून घेतलासा. आता कुणाला घालू, देवाला? देव लांब असतोय. तुमी कुठं जायाचं न्हाई. उद्या उत्तरकार्य झालं की परवापासनं मी मंडईला जाणार, तुमच्या दारावरनं. रोज मला तुमी दुकानात दिसाय पायजेसा. मी शिव्या घालीन न्हायतर न्हाई घालणार, ती माझी मर्जी. पण तुमी दिसाय पायजेसा."

मी हो म्हणालो. अर्ज मांडीवरच होता. तो वहिनीनं घेतला, घडी घातली आणि तुझ्या फोटोमागं ठेवला. फाडला नाही.

सर्जा, परवा सकाळी नऊ वाजता मी शटर वर करणार आहे. वहिनी साडेनऊच्या सुमाराला जाते. तोवर मी काउंटरमागं उभा असेन, बसणार नाही.